मागच्या चाकांवरचे चाळीस किलो

गाडी ताब्यात द्यायचा दिवस आमच्या वर्कशॉपमध्ये एरवी निवांत असतो. काम संपलेलं असतं, भुसा झाडलेला असतो, आणि मालकांना कुठला स्विच कशाचा हे दाखवण्यापलीकडे काही उरलेलं नसतं. त्या दिवशी काका-काकू चारच्या सुमारास आले ते थेट सामान घेऊन. घरी परत जायचंच नव्हतं. ऊन उतरलं की इथूनच प्रवासाला निघायचं, असं ठरवून आले होते. ते सामानासकट आले नसते, तर पुढचं काहीच माझ्या लक्षात आलं नसतं. आजही तो विचार आला की पोटात गोळा येतो.

गाडी म्हणजे छोटी मालवाहू व्हॅन. मागे खिडक्या नाहीत, आत नुसता पत्रा. तिचा आम्ही दोन माणसांचा कॅम्पर केला होता. पत्र्याला इन्सुलेशन, त्यावर अस्तर, मागे आडवा बिछाना, सरकत्या दाराजवळ ओटा नि सिंक, एक छोटा फ्रिज, लिथियमची बॅटरी आणि छताला पंखा. काकांची अट एकच. पहिल्या भेटीतच त्यांनी बजावलं होतं, "बाकी काय वाट्टेल ते छाट, पण पाणी कमी पडता कामा नये."

म्हणून 90 लिटरची टाकी. एवढी टाकी बसेल अशी एकच मोकळी जागा दिसत होती, बिछान्याखाली, मागच्या दारांना लागून. गाडीच्या रुंदीभर आडवी टाकी तिथे अशी चपखल बसली, जणू तिथल्यासाठीच घडवली होती. पाणी भरायचं तोंड मागच्या कोपऱ्यात बाहेरून दिलं. पंप टाकीशेजारी, कॉक हाताशी. मला ते काम इतकं आवडलं होतं की मी त्याचे फोटोही काढून ठेवले होते.

वजनाचा हिशेब मी केला नव्हता असं नाही. काम हाती घेताना रिकामी गाडी काट्यावर नेली होती: पुढच्या चाकांवर 840 किलो, मागच्या चाकांवर 580, एकूण 1420. गाडीवर कंपनीने लावलेल्या माहितीच्या पट्टीवर एकूण मर्यादा 2000 किलो. म्हणजे हातात 580 किलो. आमचं सगळं काम मिळून 250 किलोचं झालं. हा आकडा ऐकून लोकांना धक्का बसतो, पण 12 मिलिमीटरचा आठ बाय चारचा साधा प्लायवूडचा तक्ताच वीसेक किलो भरतो. तसे तक्ते, स्क्रू, बिजागऱ्या, बॅटरी मिळवत गेलं की अडीचशे कधी झाले ते कळतसुद्धा नाही. दोन माणसं 140, सामान 60, पाणी 90. बेरीज 1960. चाळीस किलो शिल्लक. वहीत त्या बेरजेखाली मी दोन रेघा मारल्या होत्या.

संध्याकाळ होईपर्यंत स्विच, फ्यूज, पंखा सगळं दाखवून झालं. टाकी काठोकाठ भरली. सामान बिछान्याखाली उरलेल्या जागेत, म्हणजे टाकीच्या पुढ्यात गेलं. काका म्हणाले, एक चक्कर मारून येऊ, मग काकूंना घेऊन निघतो. ते चालवायला बसले, मी शेजारी.

रस्त्याला लागल्यावर मला पहिल्यांदा खटकलं ते दिव्यांचं. उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी झाडांच्या फांद्यांवर पडत होता. समोरून येणारा प्रत्येक जण आम्हाला दिवे मिचकावून दाखवत होता आणि काका म्हणत होते, "अरे, मी डिपर कधीच मारलाय!" मग एका वळणावर ते आपणहून बोलले, "स्टिअरिंग फार हलकं झालंय रे. छान वाटतंय." छान कसलं? व्हॅनची शेपटी बसली होती आणि नाक वर झालं होतं.

मी म्हटलं, "काका, काट्यावर चला."

काटा 10 किलोच्या टप्प्यांनी वजन दाखवणारा होता. आधी नुसती पुढची चाकं फळीवर घेतली, मग पूर्ण गाडी, मग पुढची चाकं खाली उतरवून नुसती मागची. काका चालकाच्या जागी आणि काकूंच्या जागी मी. चिठ्ठी हातात आली: पुढे 920, मागे 1040, एकूण 1960. माझी बेरीज अगदी बरोबर आली होती. फक्त पट्टीवर आणखी एक ओळ असते, मागच्या ॲक्सलची, म्हणजे मागच्या दोन चाकांवर मिळून येणाऱ्या वजनाची मर्यादा. ती होती 1000.

चाळीस किलो शिल्लक आणि चाळीस किलो जास्त, दोन्ही एकाच चिठ्ठीवर.

काकांना हे पटेना. "एकूण वजन मर्यादेत आहे, मग अडलं कुठे?" मी त्यांना पहारेचं उदाहरण दिलं. पहारेखाली टेकू ठेवून एक टोक दाबलं की दुसरं टोक उचललं जातं, आणि टेकूवर नुसतं आपलं बळ येत नाही, पलीकडचा दगडही येतो. इथे टेकू म्हणजे मागची चाकं. पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर 2.7 मीटर. टाकीचा मध्य मागच्या चाकांच्याही 0.6 मीटर मागे. म्हणजे पुढच्या चाकांपासून 3.3 मीटर. 90 ला 3.3 ने गुणा, 2.7 ने भागा: 110. नव्वद किलोचं पाणी मागच्या चाकांवर एकशेदहा किलो होऊन बसलं होतं, आणि वरचे वीस किलो त्याने पुढच्या चाकांवरून उचलले होते. सामानाचंही थोडंफार तेच. व्हॅन पुढच्या चाकांवर चालणारी; वळायचं, ओढायचं आणि निम्म्याहून जास्त ब्रेक लावायचं काम पुढचीच चाकं करतात. हलकं स्टिअरिंग म्हणजे रस्त्यावरची सुटत चाललेली पकड.

शाळेतल्या पुस्तकातलं हे गणित. मी फक्त बेरीज केली, गुणाकार केला नाही.

काकांनी लगेच तोड काढली. "अर्धीच टाकी भरतो. मग?" खरं सांगायचं तर कागदावर ते जमत होतं. 45 लिटर कमी केले की मागचे 55 किलो उतरतात आणि गाडी मर्यादेत येते. रात्रीचे आठ वाजले होते, काकू वर्कशॉपमध्ये खोळंबल्या होत्या, आणि "हो, तसंच करा" हे शब्द माझ्या अगदी जिभेवर आले होते. पण अर्धी टाकी मी स्वतः आठवडाभर आधी चालवून पाहिली होती. ब्रेक लावला, गाडी थांबली, आणि मग क्षणभरानं मागून धप्पकन एक धक्का आला. भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागा नसते. अर्ध्या टाकीत ते धावतं आणि भिंतीवर आपटतं. टाकीला आतून आडवे पडदे असतील तर ते थोपतं. या टाकीला ते नव्हते. रुंदीभर आडवी असल्यामुळे वळणावर सगळं पाणी बाहेरच्या बाजूला जाणार, ते वेगळंच. शिवाय 90 लिटरची टाकी देऊन "45 च भरा" सांगणं म्हणजे माणसाच्या स्वभावावर भरवसा ठेवणं. चौथ्या मुक्कामाला काका ती काठोकाठ भरणार, हे मला ठाऊक होतं, आणि त्यांनाही.

"आज नाही जायचं," मी म्हटलं. काका काही बोलले नाहीत. परत येताना गाडी त्यांनी मला चालवायला दिली.

काकूंनी मात्र सगळं ऐकून घेतल्यावर एवढंच विचारलं, "मग टाकी जाणार कुठे?" नेमका प्रश्न. वजन दोन्ही चाकांच्या मध्ये हवं, जितकं पुढे आणि जितकं खाली तितकं बरं. पुढच्या सीटमागच्या आडभिंतीला लागून ओट्याचं एक कपाट होतं. ते उतरवलं तर तिथे उभी टाकी बसत होती, पण 70 लिटरची. तशी एक कोरी टाकी आमच्याकडे पडून होती. काकांच्या चेहऱ्यावर वीस लिटरचं दुःख स्पष्ट दिसत होतं. मी हिशेब मांडला: स्वयंपाक, भांडी, हात-तोंड, ओल्या कपड्यानं अंग पुसणं धरून माणशी रोज दहा लिटर. दोघांना साडेतीन दिवस. वर दहा लिटरचे दोन कॅन रिकामे न्यायचे आणि मुक्कामाच्या जागी पोचल्यावरच भरायचे. पाणी तेवढंच, फक्त चालत्या गाडीत नाही.

आमचा सुतार घरी गेला होता. एका फोनवर परत आला. टाकी रिकामी केली. सामान आणि बिछान्याच्या फळ्या बाहेर. मागचा कोपरा, ज्याचे मी फोटो काढले होते, तो दहा मिनिटांत उघडा पडला.

वेळ गेला तो टाकी बांधण्यात. पाण्याची टाकी फळ्यांच्या खोक्यात घट्ट बसली म्हणजे झालं, असं पुष्कळांना वाटतं. समोरासमोरच्या जोरदार धडकेत वस्तूवर तिच्या वजनाच्या वीसपट बळ येतं असं धरून चाललं, तर 70 किलो पाणी 1400 किलोच्या धक्क्याने पुढे येईल, आणि पुढे माणसं बसलेली आहेत. त्याला प्लायवूडचे स्क्रू काय पुरणार! स्टीलच्या दोन पट्ट्या, आरपार बोल्ट, आणि पत्र्याच्या खालून तळहाताएवढ्या रुंद, जाड प्लेटा, म्हणजे बोल्ट पत्रा फाडून वर येत नाही. ड्रिल लावण्यापूर्वी मी गाडीखाली आडवा झालो. बरं झालं. आम्ही खूण केलेल्या चारपैकी एका ठिपक्याच्या बरोबर खाली ब्रेकची नळी होती. ठिपका चार बोटं सरकवला.

बाकीचं पटापट झालं. पंप टाकीच्या पायथ्याशी आणला आणि त्याच्या आधी गाळणी, नाहीतर ड्रिलचा एक कीस पंपात अडकला की संपलं. हवेची नळी भरायच्या तोंडापेक्षा वर नेऊन बांधली. ती बारीक किंवा दबलेली असेल तर भरताना टाकी पाणी उलटून टाकते. बाहेरचं जुनं तोंड आता लांब पडत होतं आणि तिथून पाइपाला उतार मिळेना, म्हणून भरायचं तोंड सरकत्या दाराच्या आत घेतलं. मागच्या कोपऱ्यात पत्र्याला पडलेलं भोक तेवढं राहिलं. तिथे बाहेरची वीज घ्यायचं सॉकेट बसवलं. आता कोणी पाहिलं तर म्हणेल, योजनाच तशी होती.

काका-काकू ऑफिसातल्या बाकांवर आडवे झाले होते. पहाटे चारला सुतारानं शेवटचा स्क्रू मारला आणि तिथेच भिंतीला टेकून झोपला.

उजाडल्यावर पुन्हा काटा. तेच सामान, नवी टाकी काठोकाठ, पण या वेळी शेजारी खुद्द काकू. पुढे 970, मागे 970, एकूण 1940. काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "स्टिअरिंग आता जड लागतंय." मग स्वतःच हसले. वाढीव कामाचा विषय त्यांनी काढला, मी तो तिथेच थांबवला. चूक माझी होती.

चौथ्या रात्री, साडेअकराला, काकूंचा फोन. "अरे, सगळे नळ बंद आहेत आणि तुझा तो पंप मध्येच टुर्रर करून गप्प बसतो. परत अर्ध्या तासानं टुर्रर. यांना ऐकू येत नाही, मला झोप येत नाही."

नळ बंद असताना पंप मध्येच क्षणभर चालतो तो नळीतला दाब उतरला म्हणून. कुठेतरी थेंब थेंब पाणी जात असणार, पंपाच्या पुढच्या बाजूला. मी म्हटलं, "काकू, आधी पंपाचा स्विच बंद करा, रात्री त्याची गरजच नाही. आणि सकाळी स्विच चालू करून प्रत्येक जोडाला कोरडा कागदी रुमाल गुंडाळून ठेवा."

सकाळी त्यांनी फोटो पाठवला. सिंकखालच्या जोडाचा रुमाल ओला. पहाटेच्या घाईत हातानं लावून आवळायचा राहिलेला. "हातानंच अर्धा फेरा आवळा," मी सांगितलं, "आणि काकांना पाना घेऊ देऊ नका."

"त्यांनी केव्हाच घेतलाय," काकू म्हणाल्या.