आमची वाटचाल : आधी चालू दे, मग रंग बघ

आमच्या छोट्या आगगाड्यांच्या फर्मचं पहिलंवहिलं प्रात्यक्षिक अर्ध्या सेकंदात आटोपलं. टेबलावर रुळांचं लंबगोल रिंगण मांडलं होतं, भोवती पंधरा-वीस हौशी मंडळी माना पुढे काढून उभी होती, आणि मी मोठ्या ऐटीत पेटीतून मार्कलिन या जर्मन कंपनीचं जुनं काळं वाफेचं इंजिन काढून रुळांवर ठेवलं. नॉब फिरवला. इंजिन जागचं हललं नाही, पॉवर पॅकचा लाल दिवा तेवढा लागला. पुन्हा फिरवला, पुन्हा लाल. तिसऱ्या वेळी मागून दादाचा हळू आवाज आला, "अरे, चाकं बघितलीस का?"

मी कशाला बघतोय! मार्कलिनच्या एचओ (मूळच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याच्या) गाड्या एसीवर चालतात. करंट रुळांच्या मधोमध असलेल्या बारीक खिळ्यांतून येतो, इंजिनाच्या पोटाखालची सरकपट्टी तो उचलते आणि दोन्ही रूळ मिळून परतीची वाट होतात. त्यामुळे डाव्या-उजव्या चाकांत इन्सुलेशन ठेवायची त्यांना गरजच नसते. आमचा ट्रॅक दोन रुळांचा, डीसीचा: एक रूळ अधिक, दुसरा उणे. म्हणजे मी रुळांवर इंजिन नव्हे, अख्खं शॉर्टसर्किट ठेवलं होतं, आणि तेही तीनदा. मंडळी हसली नाहीत. हसली असती तर बरं झालं असतं.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. पंपांच्या आणि पंख्यांच्या मोटरी रिवाइंड करण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. छोट्या आगगाड्यांचं वेड माझं, भांडवल त्याचं, म्हणून फर्म दोघांच्या नावाची. त्या दिवशी सामान आवरताना तो एवढंच म्हणाला, "आधी चालू दे, मग रंग बघ." हे वाक्य मी नंतर हजार वेळा ऐकलं.

पहिली तीन वर्षं आम्ही फक्त नवा माल विकला. माझा ठाम समज असा, की हौशी माणसाला बारकावे हवे असतात. रिव्हेट मोजता आले पाहिजेत, हँडरेल तारेची वेगळी बसवलेली हवी, रेडिएटरच्या जाळीतून पंखा दिसला पाहिजे. या समजापायी एका पुरवठादाराकडून डिझेल इंजिनांचा मोठा लॉट उचलला. रंगकाम इतकं देखणं की कवच काढायला हात धजावू नये. सगळी खपली. दीडेक वर्षाने एकेक परत यायला लागलं, आणि सगळ्यांची तक्रार एकच: चालताना टक्, टक्, टक्. चाकाच्या दर फेऱ्याला एक ठोका.

दादाने एक बोगी, म्हणजे इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा, उघडली, भिंग लावलं आणि मला बोलावलं. धातूच्या आसावर दाबून बसवलेला प्लॅस्टिकचा गिअर दोन दातांच्या मधोमध उभा चिरला होता. चीर केसाएवढी, पण तिथल्या दोन दातांमधलं अंतर वाढलेलं, आणि ती जागा आली की वरचा गिअर अडखळायचा. आसासाठीचं भोक जरा जास्तच घट्ट ठेवलं, की प्लॅस्टिकवर कायमचा ताण राहतो आणि ते आज ना उद्या उलतं. इंजिन पेटीत पडून राहिलं तरी उलतं. पुरवठादाराने आधी ग्राहकांच्या हाताळणीवर ढकललं, मग फोन उचलणं बंद केलं. त्याचं नाव घेत नाही. तो हल्ली वेगळ्याच धंद्यात आहे म्हणे.

आम्ही सगळे गिअर फुकट बदलून दिले. दादा रात्री बारापर्यंत बसायचा, मी बोग्या उघडून त्याच्यापुढे ओळीने मांडायचो. त्या वर्षी हिशेबाची वही उघडायची मला भीती वाटायची. पण एक गंमत झाली. गिअरसाठी आलेल्या खोक्यात हळूहळू दुसरं इंजिन निघायला लागलं, जुनं, आमच्याकडून न घेतलेलं. सोबत चिठ्ठी: "पाठवतोच आहे तर हेही बघाल का? बरीच वर्षं बंद आहे." आमचा खरा धंदा त्या चिठ्ठ्यांतून सुरू झाला.

हौशी माणसाला त्याचं आवडतं इंजिन कोणतं हे विचारू नये, असं माझं आता मत झालं आहे. विचारलं की तो कपाटातलं सर्वांत दुर्मिळ नाव सांगतो. दुरुस्तीला काय येतं ते बघावं. ज्याच्या मोटरला वीज पोचवणारे ब्रश झिजलेत, ज्याच्या चाकांचं निकेल उडून खालचा धातू दिसतोय, जे दोनदा टेबलावरून पडलंय आणि तरी तिसऱ्यांदा आलंय, ते त्याचं आवडतं.

या हिशेबाने आमच्याकडे पहिला नंबर मगरीचा. स्वित्झर्लंडच्या गॉटहार्ड घाटात मालगाड्या ओढायला १९१९ ते १९२२ च्या दरम्यान जी विजेची इंजिनं बांधली, त्यांना दोन्ही टोकांना लांबलचक नाकाडं आणि मध्ये ड्रायव्हरची केबिन, म्हणून लोकांनी नाव पाडलं क्रोकोडाइल. मार्कलिनने ते एचओ आकारात १९४७ मध्ये आणलं, आणि तेव्हापासून ते हौशी लोकांच्या मनातून उतरलेलं नाही. हिरवा रंग, रूप वगैरे ठीकच. खरं कारण मला दादाने दाखवलं. मूळ इंजिन घाटातल्या वळणांसाठी तीन तुकड्यांत सांधलेलं होतं, नाकाडं आपापल्या चाकांसह वळायची. टेबलावरची वळणं घाटापेक्षा कितीतरी आवळलेली असतात. तिथे दुसरी लांब इंजिनं अडखळतात, रूळ सोडतात. मगर मात्र कंबर लचकवून निघून जाते. जाताना बाजूचे कनेक्टिंग रॉड असे काही वर-खाली होतात की बघणारा बोलायचं थांबतो. त्यात जुन्या मार्कलिनची बरीचशी कवचं एका स्क्रूवर उघडतात. स्क्रू काढा, कवच उचला, समोर मोटर. दादा अशा इंजिनाला "सज्जन इंजिन" म्हणतो.

उलट बाजूला बिग बॉय. अमेरिकेच्या युनियन पॅसिफिकची ही महाकाय वाफेची इंजिनं १९४१ ते १९४४ मध्ये फक्त २५ बनली, पण मॉडेल घेणाऱ्यांना तोटा नाही. मागचं कोळसा-पाण्याचं टेंडर धरून मूळ लांबी ४० मीटरच्या वर, म्हणजे १:८७ च्या एचओतही जवळपास ४६ सेंटिमीटर. खऱ्या इंजिनात चाकांचा पुढचा संच तेवढा वळतो. मॉडेलच्या वळणात बसावं म्हणून बरेच कारखानदार दोन्ही संच वळते ठेवतात. मग वळणावर बॉयलरचं नाक रुळाच्या बाहेर एवढं जातं, की आमच्या एका गिऱ्हाइकाने हौसेने बांधलेल्या बोगद्याचं तोंड पहिल्याच फेरीत उखडलं. त्यांनी इंजिन आमच्याकडे पाठवलं, "जरा आखूड करता येईल का?" असं विचारत. आम्ही बोगदा रुंद करायचं सुचवलं.

हॉर्नबी डब्लोचं एक इंजिन माझ्या डोक्यावर अजून बसलेलं आहे. फ्रँक हॉर्नबीच्या मेकॅनो कंपनीने डब्लो हा छोटा आकार १९३८ मध्ये काढला, आणि त्यातलं निमुळत्या तोंडाचं "सर नायजेल ग्रेस्ली" आजही लोक जिवापाड जपतात. ते साफ करायला आलं. दादा गावाला गेला होता. मी सगळं सुटं केलं, मोटरचा चुंबकसुद्धा काढून फडक्यावर ठेवला, कम्युटेटर (ज्यावर ब्रश घासतात तो भाग) चकचकीत केला, दुसऱ्या दिवशी जोडलं. इंजिन चाललं, पण मोटर तापायला लागली, करंट दुप्पट आणि दोन डबेही ओढवेनात. दादा परत आल्यावर त्याने एकच प्रश्न केला: "चुंबक काढल्यावर त्याच्या टोकांना लोखंड लावून ठेवलं होतंस?" नव्हतं. असला जुना चुंबक लोखंडाच्या चौकटीतून उघडा काढला की त्याचा जोर उतरतो, हे त्याला शाळेच्या पुस्तकासारखं पाठ. पुढचे आठ दिवस त्याने जाड तारेचं कॉइल गुंडाळून चुंबक पुन्हा भरायचं यंत्र बनवलं: क्षणभर जबरदस्त करंट सोडायचा, ठक्क असा आवाज, झालं. त्या यंत्रावर आजवर किती चुंबक भरले याची मोजदाद नाही. माझ्या चुकीतून आलेलं आमचं सर्वांत चांगलं उत्पन्न तेच, असं तो पाहुण्यांना मुद्दाम सांगतो.

लायोनेलने मात्र दादालाही चकवलं. जोशुआ लायोनेल कावेनने १९०० मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेली ही कंपनी. तिचं १९४८ चं लाल-चंदेरी सांता फे एफ-३ डिझेल म्हणजे अमेरिकन हौशींचा जीव की प्राण. जुन्या लायोनेल इंजिनांत दिशा बदलायला ई-युनिट असतं. पुरवठा तोडून पुन्हा दिला की कॉइल एक दांडी ओढते, छोटा ड्रम एक घर फिरतो: पुढे, उभं, मागे, उभं. एसीवर चालणारं ते कॉइल सारखं गुणगुणतं, डब्यात भुंगा कोंडल्यासारखं. एका गिऱ्हाइकाचं ई-युनिट अडकत होतं. दादाने ते काढून बोटभर इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवलं. बिनआवाजी, बिनचूक. आठवड्यात फोन आला.

"इंजिन छान चालतंय हो," ते गृहस्थ म्हणाले, "पण आवाज कुठे गेला?"

दादाने समजावलं, की आवाज हा दोष होता. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "माझं जुनंच बसवून द्याल का? अडकलं तरी चालेल." दादाने जुनं युनिट शोधलं, ड्रमचे संपर्क घासले, बसवून पाठवलं. तेव्हापासून आमच्या कामाच्या फॉर्मवर एक ओळ वाढली आहे: "कोणता आवाज ठेवायचा?"

फॉर्मचा विषय निघाला म्हणून सांगतो, गुलाबी इंजिनासाठीही एक वेगळा रकाना आहे. लायोनेलने १९५७ मध्ये मुलींसाठी म्हणून गुलाबी इंजिनाची फिक्या रंगांची गाडी काढली. ती साफ आपटली. मुलींना गाडी हवी तर ती काळीच हवी होती, असं दिसतं. न खपलेली म्हणून आज दुर्मिळ, आणि दुर्मिळ म्हणून नकलांचा सुळसुळाट, कारण साचा त्यांच्या साध्या काळ्या २०३७ क्रमांकाच्या इंजिनाचाच. आमच्याकडे एक गुलाबी इंजिन "फक्त साफ करा" म्हणून आलं. स्क्रूच्या भोकात काडी फिरवली तर आत काळा रंग. मालकाला सांगायचं की नाही यावर आम्ही दोघं अर्धा दिवस भांडलो. मी म्हणत होतो, विचारलेलं नाही तर सांगू नये. शेवटी दादाने स्वतः फोन केला. ते गृहस्थ म्हणाले, "माहीत आहे. मीच रंगवलंय, लेकीसाठी."

सांगायला सर्वांत जड जातं ते जस्ताच्या रोगाचं. जुन्या ओतीव जस्त-मिश्रणात शिसं शिरलं असेल तर तो धातू आतल्या आत फुगतो, तडकतो, शेवटी बोटाने चुरा होतो. विशेषतः दुसऱ्या महायुद्धाआधीची चाकं आणि चेसिस. खोकं उघडावं तर आत रंगाच्या आधाराने उभा असलेला चुरा. याला औषध नाही. बदली भाग ओतून घेता येतो, पण मग इंजिन जुनं की नवं, हा वाद आम्ही गिऱ्हाइकावर सोडतो. जाता जाता एक सूचना: जुन्या पेटीतला फोम काढून टाका. काही वर्षांनी तो चिकट होतो आणि रंग घेऊनच सुटतो.

डीसीसी, म्हणजे आकड्यांच्या हुकमावर गाड्या चालवायची पद्धत, आली तेव्हा मला वाटलं, आता दादाचं काम संपलं. पूर्वी रुळातला व्होल्टेज वाढवला की रुळावरची सगळी इंजिनं पळायची. आता रुळात पुरवठा कायम, हुकूम आकड्यांत, आणि प्रत्येक इंजिनाच्या पोटातला डीकोडर आपला पत्ता आला तरच हलतो. झालं उलटंच. जुन्या इंजिनांत मोटरचा एक ब्रश थेट चेसिसला जोडलेला असतो. तो आधी वेगळा केला नाही तर डीकोडर जागच्या जागी जळतो. पहिला आम्हीही जाळला. त्याचा वास दुपारभर खोलीत होता. आता लोक जळके डीकोडर आणि तापलेली इंजिनं एकत्र पाठवतात, आणि दादाला उसंत नाही.

नवा माल विकणं आम्ही जवळपास थांबवलं आहे. त्याऐवजी आसावरचे गिअर स्वतः कापतो, पितळेचे आणि डेल्रिन या कणखर प्लॅस्टिकचे. भोक किती ठेवायचं यावर दादाचा शब्द शेवटचा. साच्यातला प्लॅस्टिक गिअर स्वस्त पडेल असं मी वर्षातून एकदा सुचवून बघतो, तो उत्तर न देता ती जुनी चिरलेली चकती टेबलाच्या खणातून काढून माझ्यापुढे ठेवतो.

आज सकाळी एक श्टाइन्झ आलं आहे. एलजीबी या जर्मन कंपनीने १९६८ मध्ये ४५ मिलीमीटर रुळांच्या बागेतल्या गाड्या आणल्या, त्यातलं हे चार चाकांचं गुटगुटीत टँक इंजिन. हे तिसऱ्यांदा आलंय. उन्हाने रंग पार विटलेला, गिअरबॉक्समध्ये वाळू आणि अर्धी मुंगी. चिठ्ठीत लिहिलंय, "रंगाला हात लावू नका." दादाने वाळू धुतली, ग्रीस भरलं, ते रोलर स्टँडवर चढवलं आणि चष्मा कपाळावर सारून ऐकत बसला. चाकं जागच्या जागी फिरतायत. अजून एक बारीक खरखर आहे म्हणतो. मला ऐकू येत नाही.