बंद करून परत चालू करा

सप्टेंबर २०१९. मुलीला शाळेत सोडून परत येत होतो, पाऊस चालू होता, आणि फोन थांबेना म्हणून गाडी एका टपरीखाली घेतली. सातारा रोडवरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी. बँकेतून निवृत्त झालेले, ८४ फ्लॅटचा कारभार एकहाती चालवणारे. सगळी सोसायटी त्यांना काका म्हणते, म्हणून मीही म्हणतो.

"अरे, सभासदांची यादीच दिसत नाहीये. सगळं कोरं आहे."

"काका, एकदा बंद करून परत चालू करा."

"काल रात्री दोनदा केलं की. आज सकाळीही केलं."

"अजून एकदा करा. मी पोचतोच."

त्यांनी माझ्यासमोर, म्हणजे फोनवर, बंद केलं आणि परत चालू केलं. वेळ ९ वाजून ४२ मिनिटं. ती मला इतकी नेमकी का माहीत आहे ते पुढे येईल.

आमचं सॉफ्टवेअर अगदी साधं आहे. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, थकबाकी, नोटिसा, सभेचे ठराव. मी ते २०१३ साली सी शार्प या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलं आणि सगळा डेटा एका एक्सएमएल फाइलमध्ये ठेवला, म्हणजे टोकदार कंसातल्या खुणांमध्ये मजकूर बसवलेल्या साध्या फाइलमध्ये. डेटाबेस का नाही, असं तरुण मुलं मला आजही विचारतात. त्यांनी एकदा जिन्याखालच्या सोसायटी ऑफिसात, ॲडमिन पासवर्ड कोणालाच आठवत नसलेल्या मशीनवर डेटाबेस सर्व्हर इन्स्टॉल करून दाखवावा. एक्सएमएलची फाइल पेनड्राइव्हवर घेता येते, ऑडिटरला मेल करता येते, आणि वेळ आलीच तर नोटपॅडमध्ये उघडून डोळ्यांनी वाचता येते. माझे टॅगही, म्हणजे कंसातल्या त्या खुणाही, मी मराठीत ठेवले होते: सभासद, पावती, येणेबाकी. भागीदार तेव्हा हसला होता. "उद्या दुबईचं गिऱ्हाईक आलं म्हणजे?" ते अजून आलेलं नाही.

ऑफिसात पोचलो तर काका खुर्चीत ताठ बसलेले. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, त्याआधी पूर्ण चौदा दिवसांची नोटीस द्यायची, आणि नोटिशीबरोबर थकबाकीदारांची यादी लावायची असं कमिटीने ठरवलेलं. वेळ अगदी मोजून होता.

डेटाचा फोल्डर उघडला. मूळ फाइल आणि तिच्या तीन बॅकअप प्रती. सेव्ह करताना प्रोग्राम प्रत्येक प्रत एक घर मागे सरकवतो, म्हणजे पहिली दुसरीच्या जागी, दुसरी तिसरीच्या जागी, आणि तिसरी जाते. या व्यवस्थेचा मला अभिमान होता, ब्रोशरमध्येही तसं छापलं होतं. चारही फाइली एकाच मापाच्या: ६१२ बाइट. खरी फाइल अडीच एमबीची असायला हवी होती. आणि बदल झाल्याच्या वेळा अशा: काल रात्री १०:१५, काल रात्री १०:२०, आज सकाळी ९:०५, आज सकाळी ९:४२.

हिशोब तिथेच उभ्या उभ्या झाला. आमचा प्रोग्राम बंद करताना, काही बदललं असो वा नसो, सेव्ह करतो. काकांनी चार वेळा कोरी सोसायटी बंद केली, म्हणजे चार वेळा कोरी फाइल सेव्ह झाली. तिसऱ्या वेळेपर्यंत चांगली फाइल शेवटच्या घरात शाबूत होती. चौथी वेळ माझ्या सांगण्यावरून झाली.

मी मशीनची वायर भिंतीतून ओढून काढली.

"अरे, शटडाउन तरी कर नीट!" काका ओरडले. पण शटडाउन करताना विंडोज डिस्कवर काय काय लिहीत बसतं ते मला नको होतं. फाइलवर दुसरी छोटी फाइल लिहिली की जुना मजकूर लगेच पुसला जात नाही. त्याची जागा फक्त "मोकळी" अशी नोंदली जाते, आणि कोणी तिथे येऊन बसेपर्यंत मजकूर तसाच पडून असतो. निदान जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कवर. एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवरची डिस्क असती तर मोकळ्या झालेल्या जागा विंडोजने तिला कळवल्या असत्या आणि तिने त्या आपणहून साफ केल्या असत्या. दोन वर्षं मी काकांच्या मागे लागलो होतो, मशीन फार हळू चालतं, एसएसडी टाकून घ्या. दोन वर्षं ते म्हणत होते, पुढच्या बजेटमध्ये बघू. मशीन विकणारे आणि मी, आम्ही सगळेच गिऱ्हाइकाला घाई करत असतो. त्या दिवशी बँकेची जुनी काटकसर माझ्या कामी आली.

डिस्क काढून घरी आणली, डिस्क बाहेरून जोडायच्या डॉकला लावली आणि तिची जशीच्या तशी प्रत माझ्या पोर्टेबल डिस्कवर घेतली. ३२० जीबीला सव्वा तास. तेवढ्या वेळात चाळीसेक ओळींचा प्रोग्राम लिहिला: ही प्रत ४०९६ बाइटच्या एकेका तुकड्याने वाचायची आणि टोकदार कंसापुढे "सभासद" किंवा "पावती" असेल तो तुकडा बाजूला काढायचा.

भागीदार ज्याला हसला होता ते इथे कामाला आलं. टॅग इंग्रजीत असते तर "मेंबर" हा शब्द त्या डिस्कवर विंडोजच्याच हजार फाइलींत सापडला असता. मराठी "सभासद", तोही टोकदार कंसात, फक्त माझाच. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि सोळा-पायाच्या मोजणीत त्यातले पहिले दोन कायम ई० ए४ नाहीतर ई० ए५. कच्चे बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये डिस्क सरकवत गेलं की बाकीच्या कचऱ्यात ई० ए४, ई० ए५ अशी नक्षी लांबूनच दिसते. एखाद्या परक्या गावच्या स्टेशनवर गर्दीत मराठी कानावर पडावं, तसं वाटतं ते.

तुकडे सापडले, आणि जास्तच सापडले. बॅकअप प्रती सरकत असल्यामुळे तोच मजकूर डिस्कवर पाच-सहा ठिकाणी होता. काही ताजा, काही मार्चमधला. ताजा कोणता ते पावतीच्या नंबरावरून कळत होतं. पण अडीच एमबीची फाइल डिस्कवर सलग नसते. माझ्या वाट्याला अकरा भाग आले, आणि त्यांचा क्रम मलाच लावायचा होता. इथे एक गंमत झाली. ४०९६ ला तीनने भाग जात नाही. त्यामुळे एखादा भाग नेमका चिन्हाच्या मधोमध संपतो: शेवटी ई० ए४, आणि तिसरा बाइट पुढच्या भागात. मग ज्याची सुरुवात तशा अर्ध्या राहिलेल्या बाइटने होते असाच भाग शोधायचा. एका जोडावर "थकबा" पर्यंत होतं आणि "की" मधला क तुटलेला. दुसऱ्या तुकड्याच्या तोंडाशी ९५ मिळाला. क चा शेवटचा बाइट ९५च. दोन्ही जोडले आणि "थकबाकी" असं पूर्ण वाचता आलं. खोलीत एकटा होतो, तरी "हाऽऽ" असं मोठ्याने ओरडलो. बायको बघून गेली.

संध्याकाळी साडेसहाला फाइल जुळली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या बंद कंसापर्यंत. ती माझ्या लॅपटॉपवरच्या प्रोग्राममध्ये उघडली.

कोरी सोसायटी. शून्य सभासद.

दिवसभर मी एक प्रश्न विचारलाच नव्हता: मुळात फाइल कोरी झाली कशामुळे? व्हायरस, वीज जाणं, काकांचं बोट चुकीच्या बटणावर पडणं, असं काहीतरी मनात धरून पुढे गेलो होतो. आता फाइल माझ्यासमोर होती, नोटपॅडमध्ये धडधडीत वाचता येत होती, आणि माझाच प्रोग्राम तिला नाही म्हणत होता.

डीबगर लावला, म्हणजे प्रोग्राम ओळीओळीला थांबवत चालवला. फाइल वाचायचं फंक्शन २०१३ चं, माझ्या हातचं. वाचण्याची आज्ञा ट्रायमध्ये, आणि खाली कॅच, म्हणजे आज्ञा फसली तर काय करायचं ते. त्या कॅचमध्ये एकच ओळ: नवी कोरी सोसायटी परत द्या. वर शेरा: "पहिल्यांदा चालू करताना फाइल नसते." फाइल आहे का, हे तपासायला एक ओळ पुरली असती. ती लिहायचा कंटाळा केला आणि कुठल्याही चुकीवर कोरी सोसायटी द्यायची सोय करून ठेवली. फाइल नाही? कोरी. फाइल वाचता आली नाही? तरीही कोरी. आणि वर बंद करताना सक्तीचं सेव्ह.

कॅचमध्ये थांबून चुकीचा संदेश वाचला. ओळ ३१४८, अमान्य अक्षर, सोळा-पायाच्या मोजणीत बी. म्हणजे ११ नंबरचं अक्षर.

ती ओळ लिफ्टच्या दुरुस्तीच्या ठरावात होती. ठराव काकांनी सोसायटीच्या वकिलांकडून वर्डमध्ये आणला होता आणि आदल्या रात्री कॉपी करून आमच्या चौकटीत पेस्ट केला होता. वर्डमध्ये शिफ्ट दाबून एंटर मारला की परिच्छेद न तोडता ओळ तुटते, आणि ती तूट म्हणजे हे ११ नंबरचं अक्षर. पडद्यावर त्यात खटकण्यासारखं काहीच दिसत नाही. एक्सएमएल १.० हे १९९८ चं मानक. त्यात ३२ च्या खालच्या नियंत्रण-अक्षरांपैकी फक्त ९, १० आणि १३ यांना आत घेतात. टॅब, नवी ओळ, आणि जुन्या टाइपरायटरचा रोलर परत ढकलायचा तो. मधल्या ११ ला मज्जाव. तो सरळ लिहिला तरी नाही, अँपरसँड-हॅशच्या वेषात, म्हणजे अक्षराऐवजी त्याचा नंबर लिहून, आणला तरी नाही. २००४ च्या १.१ आवृत्तीने त्या वेषात यायला परवानगी दिली, पण डॉट नेटने, म्हणजे माझं सी शार्प ज्यावर चालतं त्या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेने, ती आवृत्ती कधी स्वीकारलीच नाही.

मला खरा राग आला तो पुढच्या गोष्टीचा. डॉट नेटचा सीरियलायझर, म्हणजे डेटा फाइलमध्ये उतरवणारा भाग, मी वापरत होतो तसा सरळ स्ट्रीमवर चालवला तर, हे अक्षर विनातक्रार लिहितो. त्याला वेषसुद्धा तोच चढवून देतो. आणि तीच फाइल त्याच्याच वाचणाऱ्या जोडीदाराकडे दिली की तो म्हणतो, चालणार नाही. लिहिणारा हात आणि वाचणारा डोळा एकाच घरातले, आणि दोघांचं बोलणं नाही. रात्री १० वाजता काकांनी सेव्ह केलं तेव्हा सगळं हिरवं होतं. सव्वादहाला उघडलं तेव्हा सहा वर्षं गायब.

त्या ठरावात अशी तीन अक्षरं होती. तिन्ही काढली. ८४ सभासद आले, नावानिशी, थकबाकीसकट.

दुरुस्ती त्याच रात्री केली. आता आलेला मजकूर आधी गाळला जातो. फाइल वेगळ्या नावाने लिहिली जाते, लगेच परत वाचून बघितली जाते, आणि वाचता आली तरच जुनीच्या जागी बसते. वाचताना चूक झाली तर प्रोग्राम तोंड उघडून सांगतो आणि कशालाही हात लावत नाही. भागीदाराला दाखवलं तर म्हणाला, "हे आधीपासूनच असायला हवं होतं ना?" त्याचं टेस्टिंग म्हणजे सगळी बटणं एकदा दाबून बघणं, तेव्हा त्याच्या तोंडी ते वाक्य जरा जास्तच झालं. पण खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्क परत बसवली. काकांनी यादी वरून खाली दोनदा बघितली, एक-दोन थकबाकीदारांची रक्कम वहीशी ताडून पाहिली, आणि मग चहा मागवला.

"नेमकं काय झालं होतं रे?"

"वर्डमधून एक अक्षर आलं होतं, काका. ठरावाबरोबर. आमच्या फाइलला ते चालत नाही."

"म्हणजे मी पेस्ट केलं म्हणून."

मी म्हणालो, "तसं नाही हो, ते दिसतच नाही कोणाला..." आणि चहाचा कप उचलला. जे बोललो त्यात खोटं काही नव्हतं. कॅचमधल्या ओळीचं सांगितलं नाही. चौथ्या वेळेचंही नाही. सांगणार होतो, पण तेवढ्यात खजिनदार आले, आणि काकाच त्यांना सांगू लागले, "माझ्या हातून कसा घोटाळा झाला आणि या मुलाने रात्रभर बसून तो कसा निस्तरला." मी मान खाली घालून ऐकलं. नंतर कळलं की वार्षिक सभेतही त्यांनी ते सगळ्यांसमोर सांगितलं.

कमिटीने मला दोन हजार रुपये मंजूर केले. मी नको नको म्हणालो, दोनदा. तिसऱ्यांदा घेतले.

नवी आवृत्ती दिल्यावर काकांना सांगितलं होतं, आता खुशाल पेस्ट करा, काही होत नाही. ते करत नाहीत. वकिलांचा कागद शेजारी ठेवतात आणि एका बोटाने पूर्ण ठराव टाइप करतात, वेलांट्या शोधत.

त्यांच्या फाइलची एक प्रत त्यांच्या परवानगीने माझ्याकडे असते, नवं काही लिहिलं की त्यावर तपासायला. त्यात वाऊचरच्या भागात, लिफ्टच्या बिलाच्या वर, दोन हजारांची नोंद आहे. तपशील काकांनीच भरलेला: "संगणक डेटा दुरुस्ती. सेक्रेटरी यांच्या चुकीमुळे."