रिव्हर्स गिअर नसलेली गाडी

"रिव्हर्स पडत नाही," एवढीच तक्रार होती. म्युनिकजवळच्या ज्या गॅरेजात मी जुन्या गाड्यांवर काम करतो, तिथे असं कुणी म्हटलं की हात आपोआप गिअरबॉक्सकडे जातात. पण ट्रेलरवरून उतरली ती मेसरश्मिट केआर २००. हिच्या गिअरबॉक्सात रिव्हर्स मुळात नसतोच.

पुढे दोन चाकं, मागे एक. ड्रायव्हरच्या पाठीमागे दुसरी सीट, वर पारदर्शक घुमट. तो बाजूला कलंडवून आत उतरायचं. स्टिअरिंगऐवजी हँडल. पुण्याच्या रिक्षाला कुणी विमानाचं डोकं बसवावं, तसा अवतार! उरलेल्या लढाऊ विमानांच्या काचा यांना बसवल्या असं लोक छातीठोकपणे सांगतात. साफ खोटं आहे.

कंपनी मात्र खरोखरच विमानांची. दुसरं महायुद्ध हरल्यावर जर्मनीत विमानं बनवायला बंदी आली आणि रेगेन्सबुर्गच्या कारखान्याला काम हवं होतं. फ्रिट्झ फेंड हा विमानं जाणणारा इंजिनिअर तेव्हा अपंगांसाठी तीनचाकी गाड्या बनवत होता. १९५३ मध्ये त्याची केआर १७५ रेगेन्सबुर्गमध्ये बनू लागली, १९५५ मध्ये केआर २०० आली. माणसं एकामागे एक बसवल्यामुळे गाडी अरुंद झाली, वारा कमी अडू लागला, आणि १९१ सीसीचं एका सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन तिला नव्वदच्या आसपास पळवू लागलं. किंमत सुमारे २,५०० मार्क. मोटारसायकलवर भिजत कामाला जाणाऱ्याला डोक्यावर छप्पर हवं होतं. ते एवढ्या पैशांत मिळत होतं.

रिव्हर्सचा खर्च फेंडने कसा वाचवला, ते त्या दिवशी मी पहिल्यांदा हाताने अनुभवलं. इंजिन बंद करायचं, किल्ली आणखी आत दाबायची आणि सेल्फ मारायचा. स्टार्टर उलटा फिरतो, इंजिन उलटं सुरू होतं. या टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नसतात, त्यामुळे ते कुठल्याही दिशेने फिरायला तयार! म्हणजे मागे जायलाही चार गिअर. अडचण फक्त ठिणगीची. उलट्या फिरण्यात तिची वेळ बदलते, म्हणून आत कॉन्टॅक्ट पॉइंटचा, म्हणजे ठिणगीची वेळ साधणाऱ्या छोट्या स्विचचा, दुसरा जोड दिलेला असतो.

आमच्या गाडीत स्टार्टर उलटा फिरत होता, इंजिन मात्र पेट घेत नव्हतं. म्हणजे शंका त्या दुसऱ्या जोडावरच. कव्हर काढलं. पुढे जायचे पॉइंट चकचकीत, मागचे काळेठिक्कर. वापरच नाही, तर काय होणार? बारीक पॉलिश पेपरने घासले, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) गॅप लावला, कव्हर बसवलं. किल्ली दाबली, सेल्फ मारला. निळा धूर, तोच ओळखीचा वास, आणि गाडी मागे!

"दुसऱ्याच्या पुढे गिअर टाकू नकोस," आमचे माइस्टर, म्हणजे गॅरेजचे मुख्य कारागीर, ओरडले. मी दुसऱ्यापर्यंत गेलो. तेवढ्यातही हँडल असं काही नाचलं की तिसऱ्याचा मोह गेला.

संध्याकाळी मालक आले. सत्तरीपुढचे, निवृत्त शिक्षक. इतकी वर्षं मागे कसे जात होतात, असं विचारलं तर म्हणाले, "उतरून ढकलायचो. वजन तरी किती आहे?" अंगणात वळायला भरपूर जागा होती. तरी त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली आत दाबली आणि फाटकापर्यंत उलटेच गेले. तिथे हॉर्न वाजवला, पुन्हा इंजिन बंद केलं आणि सरळ घरचा रस्ता धरला.