बेळगावची कसम परेड: मराठा सेंटरला जाताना

मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत अग्निवीर म्हणून लागला की बेळगाव घरातलंच गाव होऊन जातं, कारण रेजिमेंटचं ट्रेनिंग सेंटर, म्हणजे मराठा सेंटर, तिथंच आहे. खरं तर तिथं जायचं फक्त दोनदा, एकदा सोडायला आणि एकदा कसम परेडला, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावरच्या शपथेच्या संचलनाला. मध्ये ३१ आठवडे जातात: १० आठवडे बेसिक, नंतर २१ आठवडे पुढचं ट्रेनिंग. परेडचा एक दिवस नीट पार पडावा असं वाटत असेल, तर तयारी या सात महिन्यांतच करावी लागते.

सोडायच्या फेरीबद्दल थोडक्यात. बऱ्याचदा मुलांना भरती कार्यालयातूनच एकत्र पाठवतात, मग निरोप तिथंच द्यायचा. कॉल लेटरमधली यादी अक्षरशः पाळा. मूळ कागद एका फाइलीत, झेरॉक्सचे संच दुसऱ्या फाइलीत, आणि पांढऱ्या पार्श्वभूमीचे पासपोर्ट फोटो किमान २०. दहावीची मार्कशीट, आधार, पॅन आणि बँक पासबुक या चारही ठिकाणी नाव अक्षराला अक्षर जुळतंय ना, ते निघण्यापूर्वीच बघा. एकीकडे ‘शिवाजीराव’ आणि दुसरीकडे ‘शिवाजी’ असेल, तर पगार आणि विमा नॉमिनेशन दोन्ही अडकतात, आणि आत गेलेल्या रंगरुटाला तहसील कार्यालयाचे खेटे घालता येत नाहीत. लाडू-चिवड्याचे डबे देऊ नका. पेटीत तेवढी जागा नसते, आणि पहिल्या दिवसापासून त्याला लंगरचंच, म्हणजे फौजी भटारखान्याचंच जेवण सवयीचं व्हायला हवं.

पहिले काही आठवडे फोन फारसा येत नाही. येतो तेव्हा बोलायला मोजकी मिनिटं असतात आणि मागे रांग लागलेली असते. त्या मिनिटांत घरचं आजारपण, शेताचा वाद, म्हैस विकली, हे काही सांगू नका. ‘कसा आहेस?’ विचारलं की ‘बरा आहे’ एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा नेमकं विचारा: नडगी दुखते का? बुटानं पाय सोलला का? पोटभर जेवायला वेळ मिळतो का? नडगीचं दुखणं हा ट्रेनिंगमधला सगळ्यात फसवा त्रास. मागे पडू या भीतीनं मुलं ते लपवतात, त्यावरच धावत राहतात, आणि हाडाला बारीक तडा गेला की धावणंच बंद होतं. जास्त दिवस बुडाले की रिलेगेट होऊन मागच्या बॅचमध्ये जावं लागतं. म्हणून ‘सहन कर’ म्हणू नका. ‘आजच एमआय रूमला (सेंटरमधल्या दवाखान्यात) दाखव’ असं सांगा. रिलेगेट झाला तरी नोकरी गेली असं समजू नका. कसमची तारीख तेवढी पुढं जाते. ही गोष्ट गावात सांगताना घरच्यांनी मान खाली घातली, तर त्याचा भार त्याच्यावर पडतो.

पैशांचंही सांगून ठेवतो. पहिल्या वर्षी महिन्याला ३०,००० रुपये, त्यातले ९,००० सेवा निधीत (अग्निवीराला सेवा संपताना मिळणाऱ्या रकमेत) कापले जातात आणि हातात २१,००० येतात. पहिल्या पगारावर ट्रॅक्टरचा हप्ता बांधू नका. हप्त्याची काळजी डोक्यात घेऊन फायरिंग रेंजवर नीट नेम लागत नाही.

आता परेडची फेरी. तारीख मुलाकडूनच कळते आणि ती एक-दोन दिवसांनी हलू शकते, म्हणून रद्द करता येईल असंच तिकीट काढा. कोल्हापूरहून बेळगाव साधारण ११० किलोमीटर, कागल-निपाणी-संकेश्वर मार्गे गाडीनं दोन-अडीच तास. पुणे-साताऱ्याकडच्यांना गोवा एक्स्प्रेस किंवा मिरजेहून राणी चन्नम्मा सोयीची. पणजीकडून चोर्ला घाटानं येणाऱ्यांनी पावसाळ्यात एक तास जास्तीचा धरावा. एसटीनं येणार असाल तर आदल्या दिवशी आगारात फोन करा. सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या बस कोगनोळी-निपाणीच्या अलीकडेच थांबतात. १ नोव्हेंबरच्या आसपास आणि बेळगावात अधिवेशन असताना हे हमखास ध्यानात ठेवायचं.

परेडच्या दिवशी पहाटे घरून निघून वेळेत पोहोचू, हा हिशेब करू नका. परेड सकाळी लवकर असते, त्याआधी गेटवर तपासणीची रांग लागते, आणि कार्यक्रम सुरू झाला की कुणासाठी थांबत नाही. आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला या. स्टेशन, टिळकवाडी आणि खडेबाजार भागात लॉज आहेत, पण एकाच दिवशी शेकडो कुटुंबं येतात, म्हणून तारीख कळल्या दिवशीच खोली सांगून ठेवा. बेळगावात मराठी सगळीकडे चालते. रिक्षावाल्याला नुसतं ‘कॅम्प’ सांगू नका, ‘मराठा सेंटर’ म्हणा. कॅम्पात लष्कराच्या इतर संस्थाही आहेत, आणि चुकीच्या गेटवर उतरलात तर सामान घेऊन बरंच चालावं लागतं.

किती जणांनी यायचं आणि गाडीचा नंबर काय, हे मुलाला आधी कळवावं लागतं. त्या यादीत नाव नसलेला मामा गेटबाहेर राहिला, तर परेडभर आईचं लक्ष गेटकडेच राहतं. म्हणून सगळी भावकी भरलेली ट्रॅक्स आणू नका. आई, वडील, भावंडं आणि चालता येत असेल तर आजी, एवढे पुरेत. प्रत्येकाचं मूळ आधार कार्ड जवळ ठेवा. मोठ्या बॅगा लॉजवरच राहू द्या. मोबाइलवर फोटो कुठं काढायचे ते तिथले जवान सांगतील. गेट, पहारा आणि इमारतींवर कॅमेरा रोखू नका. थंडीत पहाटे शाल लागते आणि नऊनंतर ऊन चटका देतं, तेव्हा आजीसाठी टोपी किंवा छत्री, पाण्याची बाटली आणि रक्तदाबाच्या गोळ्या सोबत असू द्या.

मैदानात तुकड्या आल्या की आपला मुलगा ओळखूच येत नाही. सगळ्यांचे केस सारखे, सगळ्यांचा वर्ण रापलेला, पावलं एकाच ठेक्यात. आदल्या दिवशी फोनवर विचारून ठेवा: कुठली तुकडी, कितवी रांग, डावीकडून कितवा. मग नजर बरोबर तिथं जाते. तिरंगा आणि रेजिमेंटच्या निशाणापुढं शपथ होते, ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ घुमतं, आणि तेवढ्यात मोबाइलच्या पडद्यातून बघत बसलात तर तो क्षण हातचा जातो. व्हिडिओ एकानंच काढावा.

समारंभात आई-वडिलांना गौरव पदक देतात. आईनं त्या दिवशी घट्ट विणीची सुती साडी नेसलेली बरी. पदराला जरीचं सुटं काम असलं की पदकाची पिन त्यात अडकते आणि काढताना धागे निघतात. परेड संपल्यावर मुलांना भेटायला सोडतात. तेव्हा धावत मैदानावर जाऊ नका, भेटायची जागा सांगतात तिथंच उभे राहा. तो आला की आधी त्याचे तळवे बघा. दोरावर चढून-उतरून तिथं पिवळट घट्टे पडलेले असतात, आणि चिनस्ट्रॅपच्या, म्हणजे टोपीच्या पट्ट्याच्या जागी हनुवटीखाली एक उजळ पट्टा राहिलेला असतो.

परतीचं त्याचं तिकीट मात्र तुम्ही काढू नका. सुट्टी कधीपासून हे लीव्ह सर्टिफिकेट हातात पडल्यावरच पक्कं होतं, आणि प्रवासाला त्याला रेल्वे वॉरंट मिळू शकतं. सामान जमा करणं आणि सह्या यात दुपार उलटते, म्हणून तुमची गाडी संध्याकाळची धरा. मधल्या वेळात पोटभर जेवून घ्या, आणि कुंदा, ही बेळगावची खास मिठाई, घ्यायचा तर एक किलो जास्त घ्या, त्याच्या बॅरकमधल्या पोरांसाठी.