परसदारच्या दिव्यांना मोशन सेन्सर: माझा अनुभव

परसदारच्या दोन दिव्यांचं बटण घरात, दारापासून बरंच आत होतं. त्यामुळे दिवे एकतर रात्रभर जळत राहायचे, नाहीतर नेमके हात भरलेले असताना पायऱ्यांवर मिट्ट काळोख असायचा. त्या पायऱ्यांवरून घरातली वयस्कर माणसंही ये-जा करतात. म्हणून माणूस आला की आपोआप लागतील असे दिवे करायचे ठरवले आणि मोशन सेन्सर आणला. वायरिंग फार अवघड नाही. विचार करावा लागतो तो सेन्सर कुठे बसवायचा याचा, आणि माझा बराचसा वेळ त्यातच गेला.

आधी स्विचबोर्ड उघडून पाहिला. त्यात फेज, म्हणजे वीज घेऊन येणारी वायर, येत होती आणि स्विचमधून पुढे दिव्याकडे जात होती. न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, बोर्डात नव्हतीच. सेन्सरला स्वतःला चालायला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात, आणि दिव्याच्या पॉइंटवर त्या दोन्ही हाताशी असतात. म्हणून जोडणी तिथेच करायची ठरली. आतला स्विच तसाच ठेवला. तो चालू असेल तर सेन्सरला वीज मिळते, बंद केला की सगळंच बंद.

एमसीबी (मुख्य बोर्डातला त्या सर्किटचा स्विच) बंद केल्यावरही टेस्टर लावून पाहिल्याशिवाय मी वायरला हात लावत नाही. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये घालून पेटतोय याची खात्री करायची, मग पॉइंटवरची प्रत्येक वायर तपासायची. न्यूट्रलसुद्धा तपासायची, कारण कुठेतरी उलटी जोडणी झालेली असू शकते. ज्याला फेज आणि न्यूट्रल ओळखता येत नाही, त्याने इथेच थांबून वायरमनला बोलवावं, असं मला मनापासून वाटतं.

माझ्या सेन्सरमधून तीन वायर निघत होत्या: तपकिरी, निळी आणि लाल. तपकिरी म्हणजे येणारी फेज, निळी न्यूट्रल, आणि लाल म्हणजे सेन्सरमधून दिव्याकडे जाणारी फेज. भिंतीतून आलेली फेजची वायरही लालच होती! लालला लाल जोडायचा मोह होतो, पण तसं केलं तर येणारी वीज थेट सेन्सरच्या आउटपुटवर जाते. रंग न बघता पाकिटावरची आकृती बघूनच जोडलं. भिंतीतली लाल सेन्सरच्या तपकिरीला, सेन्सरची लाल दोन्ही दिव्यांना समांतर. न्यूट्रल मात्र तिघांनाही, म्हणजे सेन्सरला आणि दोन्ही दिव्यांना. दिव्यांची बॉडी धातूची असल्यामुळे अर्थिंगची हिरवी वायर दोन्हीकडे नेली. सगळे जोड कनेक्टरने करून झाकणबंद जंक्शन बॉक्समध्ये ठेवले. बॉक्समध्ये केबल खालच्या बाजूने घेतली आणि घेण्याआधी तिला थोडा झोल दिला, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून ओघळत आत न जाता झोलावरूनच खाली पडतं.

वॅटचा हिशेबही बघावा लागतो. सेन्सर किती वॅटचे दिवे पेलतो ते त्यावर लिहिलेलं असतं: साध्या बल्बसाठी मोठा आकडा असतो आणि एलईडीसाठी त्याहून बराच कमी. एलईडी चालू होण्याच्या क्षणी त्याच्या ड्रायव्हरमधला (दिव्याला वीज जुळवून देणाऱ्या सर्किटमधला) कपॅसिटर एकदम जास्त करंट ओढतो. त्या झटक्याने सेन्सरमधल्या रिलेचे (दिवा चालू-बंद करणाऱ्या आतल्या स्विचचे) पॉइंट चिकटू शकतात, आणि मग दिवा विझतच नाही. माझे दोन्ही दिवे मिळून एलईडीच्या आकड्याच्या बरेच खाली होते.

आता जागेचं. हा सेन्सर पीआयआर जातीचा, म्हणजे तो स्वतः काही सोडत नाही, अंगातून निघणारी इन्फ्रारेड उष्णता फक्त टिपतो. पुढच्या पांढऱ्या लेन्सवर बारीक चौकटी असतात. त्या समोरच्या जागेचे पंख्यासारखे पट्टे पाडतात, आणि माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की उष्णतेतला फरक सेन्सरला कळतो. त्यामुळे आडवं चालत गेलं तर तो लांबूनच ओळखतो, पण सरळ त्याच्याकडे चालत गेलं तर बरंच जवळ येईपर्यंत ओळखत नाही. दाराच्या वर, वाटेकडे तोंड करून सेन्सर लावणं दिसायला बरोबर वाटतं, पण तिथे माणूस नेमका सरळ समोरून येतो. मी तो बाजूच्या भिंतीवर, साधारण अडीच मीटर उंचीवर लावला. आता वाट त्याच्यासमोरून आडवी जाते आणि पहिल्या पायरीवर पाय पडायच्या आत दिवे लागलेले असतात.

पक्कं करण्याआधी भर दिवसा चालून पाहिलं. माझ्या सेन्सरच्या खाली तीन नॉब आहेत: लक्स (किती अंधार पडल्यावर दिवा लागावा), टाइम (तो किती वेळ चालू राहावा) आणि रेंज (किती लांबून हालचाल ओळखावी). लक्सचा नॉब सूर्याच्या चित्राकडे आणि टाइमचा सगळ्यात कमीवर ठेवला, की दिवसाही चाचणी घेता येते. वीज दिल्यावर सेन्सरला स्थिरावायला अर्धाएक मिनिट लागतं. तोवर दिवा आपोआप लागला तर घाबरायचं कारण नाही. मग वाटेवरून, कुंपणाच्या कडेने, हळू आणि भरभर असं चालून रेंजचा नॉब जुळवला. एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा आणि वाऱ्याने हलणाऱ्या फांद्या त्याच्या नजरेत येणार नाहीत, हेही बघितलं. खिडकीच्या काचेतून त्याला पलीकडची उष्णता दिसत नाही, त्यामुळे घरातल्या हालचालीने दिवे लागत नाहीत.

लक्स मात्र संध्याकाळीच जुळवावा लागतो. दिवा लागावासा वाटेल इतका अंधार झाला, तेव्हा नॉब चंद्राच्या टोकाला नेला आणि समोर हालचाल करत हळूहळू परत फिरवला. जिथे दिवा लागला तिथेच सोडला. वेळ दोनेक मिनिटांवर ठेवली, म्हणजे कुलूप काढायला अंधारात चाचपडावं लागत नाही.

कडक उन्हाळ्यात भिंती आणि जमीन अंगाइतक्याच तापतात, तेव्हा सेन्सरचा पल्ला कमी होतो. त्या दिवसांत रेंज थोडी वाढवून ठेवतो. रस्त्यावरून जाणाऱ्यांमुळे दिवे लागत होते, त्यावर लेन्सच्या त्या बाजूला आतून काळ्या टेपची पट्टी लावली. लेन्स पातळ पॉलिथिनची असते, म्हणून ती पुसताना थिनर किंवा स्पिरिट वापरत नाही, मऊ ओलं फडकं पुरतं.