रक्तात भाऊ किती, मी किती?

ॲप्लास्टिक ॲनिमियासाठी (यात अस्थिमज्जेत पुरेशा रक्तपेशी बनत नाहीत) माझं बीएमटी, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं, डोनर धाकटा भाऊ. काउंट वर चढू लागले तसे घरचे निर्धास्त झाले. डॉक्टर म्हणाल्या, "पेशी वाढताहेत, पण त्या कोणाच्या हे काउंट सांगत नाही." त्यासाठी कायमेरिझम टेस्ट.

तिची तयारी बीएमटीच्या आधीच होते. आम्हा दोघांचं रक्त तेव्हाच घेऊन ठेवलं होतं, कारण नंतर नुसत्या माझ्या रक्तातून मूळची मी शोधणं अवघड. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यातही डोनरच्या पांढऱ्या पेशी मिसळतात. डीएनएत काही जागी चार अक्षरांचा तुकडा पुन्हापुन्हा येतो, कोणाकडे नऊ वेळा, कोणाकडे बारा. हे एसटीआर. (गुन्ह्याच्या तपासात वापरतात तेच!) सख्ख्या भावंडांत एखाद्या जागेचे दोन्ही आकडे सारखे निघण्याची शक्यता किमान २५ टक्के, मग ती जागा मोजायला निरुपयोगी. म्हणून बऱ्याच जागा तपासतात आणि जिथे फरक दिसतो तिथेच कोणाचा डीएनए किती ते काढतात. आमच्यात वाय गुणसूत्राचीही सोय होती, ते भावाकडे आहे, माझ्याकडे नाही.

रिपोर्ट आला: सीडी३३, म्हणजे मायलॉइड पेशी (पांढऱ्या पेशींचा एक गट), ९९ टक्के भावाच्या. सीडी३, म्हणजे टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी), फक्त ६२. खाली 'मिक्स्ड' असा शेरा. त्या रात्री नेटवर जे वाचलं ते सगळं ल्युकेमियावाल्यांचं होतं, आणि मी उगाच रडून घेतलं. ल्युकेमियात (रक्ताच्या कॅन्सरमध्ये) अशा वेळी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करून किंवा डोनरच्या लिम्फोसाइट्स (टी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) देऊन आकडा वर नेण्याचा प्रयत्न करतात, कारण तिथे उरलेल्या कॅन्सरपेशींना मारायचं असतं. माझ्या आजारात मारायला तसं कोणी नाही. सायक्लोस्पोरिन, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, चालू असताना टी पेशी अशा मिसळलेल्या राहणं नेहमीचंच, आणि ते वर्षानुवर्षं टिकू शकतं. भीती असते ती आकडा घसरत जाण्याची. तसं झालं तर कलम नाकारलं जाऊ शकतं. त्यामुळे डॉक्टरांनी सायक्लोस्पोरिन कमी करायची घाई केलीच नाही.

पुढच्या वेळी सीडी३ आला ५९. माझा चेहरा उतरला, डॉक्टरांचा नाही. या पद्धतीत दोन-चार टक्क्यांचा फरक मोजमापातलाच असू शकतो. त्यानंतर ६६, मग ७१.

नव्याने या रांगेत असाल तर सीडी३ आणि सीडी३३ वेगवेगळे मागा, टेस्ट शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. नुसत्या संपूर्ण रक्ताच्या टक्केवारीत टी पेशींची घसरण झाकली जाते. माझं सायक्लोस्पोरिन आता हळूहळू कमी होतंय. पुढचा नमुना डोस आणखी उतरल्यावर.