तुम्ही विचारलंत म्हणून: हो की नाही?

"तुमचं चामडं पर्यावरणपूरक आहे ना? हो की नाही, एवढंच सांगा." पिशवी हातात घेऊन, उलटीपालटी करून, नाकाशी नेऊन झाली की हा प्रश्न येतोच. मी "हो, पण..." म्हणते, आणि समोरच्याचं ऐकणं "हो"पाशीच संपतं. म्हणून आज तो "पण" लिहून काढतेय.

कातडं कमावायला, म्हणजे कच्च्या कातड्याचं न कुजणारं चामडं करायला, मी क्रोम (क्रोमियमचे क्षार) वापरत नाही, झाडाची साल वापरते, हे खरं. क्रोमच्या सांडपाण्याबद्दल तुम्ही भरपूर वाचलेलं असतं, ते परत उगाळत नाही. पण जगातलं बहुतेक चामडं क्रोमनंच कमावतात त्याला कारण आहे. दिवसभरात काम उरकतं, आणि नीट कमावलेलं क्रोमचं चामडं उकळत्या पाण्यातही टिकतं. माझं साधारण 75 ते 85 अंशांच्या दरम्यान आकसून जातं. क्रोमवाले काही मूर्ख नाहीत, हे मला स्वतः पिंपात हात घातल्यावर कळलं.

म्हशीच्या कातड्याचं आधी सांगते, म्हणजे बाकीचं समजेल.

शेळीची दोन कातडी बरी निघाली होती, त्यामुळे डोक्यात हवा गेली होती. तिसरं म्हशीचं, चांगलं जाड. रीत अशी की सालीचं पाणी सुरुवातीला अगदी फिकं ठेवायचं आणि हळूहळू कडक करत न्यायचं. मला धीर नव्हता. बाभळीची साल आणि हिरडा उकळून काळाभोर काढा केला आणि पहिल्याच दिवशी सगळा ओतला. रोज वरखाली करायचे. तीन आठवड्यांनी बाहेर काढलं तर असा सुरेख तपकिरी रंग, की मी फोटो काढून दोघातिघांना पाठवलेसुद्धा. मग मानेकडच्या जाड भागातून एक पट्टी कापली. दोन्ही कडांना तपकिरी, आणि मधोमध पांढुरकी रेघ. कच्ची. कडक काढ्यानं वरचे थर चटकन कमावले गेले आणि आत झिरपायची वाटच बुजली. आणखी दोन आठवडे बुडवून ठेवलं, रेघ सुतभरही हलली नाही. वाळवलं तर फळी झाली. वाकवायला गेले तिथे वरचा थर तडकला. पुन्हा भिजवलं तेव्हा दोन दिवसांत मधूनच वास सुटला.

शेवटी पुरलं. वाया जाणारं कातडं वापरात आणायचं, हे मी ज्याला त्याला ऐकवत असे. खड्डा खणताना ते वाक्य माझं मलाच ऐकू येत होतं.

शिकताना असं होतंच, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. पण त्याच महिन्यात मी पिशव्यांना "शंभर टक्के नैसर्गिक" अशी चिठ्ठी लावत होते, त्याचं काय? तेव्हाच्या मला विचारावंसं वाटतं, बाई, कातडं तुझ्याकडे येतं कशात? मिठात. कातड्याच्या वजनाच्या तीस-चाळीस टक्के मीठ. पुढे क्रोम असो की बाभूळ, पहिल्या धुण्याचं पाणी खारटच. ते मी एकदा मागच्या झाडांना घातलं. झाडं गेली. केस उतरवायला चुना लागतो. चुन्यासोबत केस सोडवायला घालतात ते सल्फाइड मी सोडलं, कारण त्यात आम्ल पडलं की विषारी वायू निघतो. त्याऐवजी विकर (एन्झाइम) वापरून पाहिलं. केस छान सुटले, पण मी तासभर उशिरा पोचले आणि वरची गुळगुळीत पापडीही केसांबरोबर निघून आली. विकर नैसर्गिकच होतं. त्याला केस आणि कातडं यांतला फरक थोडाच कळतो?

आणि सालीचा उरलेला काढा? झाडाचा म्हणून निरुपद्रवी, असं मीच सांगायचे. पण टॅनिन, म्हणजे सालीतलं कातडं कमावणारं द्रव्य, लवकर कुजत नाही, आणि असं पाणी ओढ्यात गेलं तर तिथला प्राणवायू खातं. आता मी तो फेकत नाही. वापरून दमलेला काढा म्हणजे फिकं पाणी, नव्या कातड्याला सुरुवातीला हवं असतं नेमकं तसं. म्हशीच्या वेळी हे सुचलं असतं तर! याचा मला थोडा अभिमान आहे, तेवढा राहू द्या. मिठाचं मात्र काही जमलेलं नाही. ताजं कातडं त्याच दिवशी मिळालं तर मीठ लागत नाही, पण तसं क्वचितच मिळतं.

मग क्रोमच बरं का? नाही. बहुतेक नाही. क्रोमवाल्यांनाही मीठ आणि चुना माझ्यासारखाच लागतो, वर क्रोम आहेच. हा युक्तिवाद मला पटतो, आणि तो मलाच सोयीचा आहे हेही कळतं.

चिठ्ठी बदलली आहे. आता तिच्यावर एवढंच असतं: बाभूळ, हिरडा, चुना, मीठ. परवा एकीनं ती वाचून विचारलं, "मीठ कशाला?" तिला मी पाऊण तास सोडलं नाही.